‘तुम’ आणि ‘तुम्ही’ यांमधले अंतर

दिल्ली आणि तिला लागून असलेल्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या शहरांतील शाळांत भोजपुरी, मैथिली, बंगाली, पंजाबी, मल्याळम, मणिपुरी आणि मराठी घरांतून आलेली मुले एकाच बाकावर बसतात, आणि त्या प्रत्येक घराची बोलण्याची, आदर दाखवण्याची नि गप्प राहण्याची रीत निराळी असते. ती रीत ओळखून मुलाच्या वागण्याचा नेमका अर्थ लावता येणे, यालाच शिक्षकाची सांस्कृतिक जाण म्हणता येईल. ती नसली की काय घडते, हे मराठी वाचकाला घरच्याच उदाहरणावरून कळेल. मराठी मूल हिंदी बोलताना शिक्षकांना ‘तुम’ म्हणते, तेव्हा त्याच्या मनात ‘तुम्ही’ असतो, म्हणजे पुरेपूर आदरच असतो. परंतु हिंदीत ‘तुम’ हा ‘आप’च्या एक पायरी खालचा असल्याने तेच मूल उद्धट ठरते. पूर्वेकडून आलेले मूल स्वतःला ‘हम’ म्हणते किंवा बंगाली मूल हिंदीतले लिंग चुकवते, तेव्हाही दोष बुद्धीचा नसतो, कारण बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलतच नाही. अशा वेळी वर्गात पिकणारे हसू मुलाला कायमचे मुके करू शकते, आणि ते थांबवणे शिक्षकाच्याच हाती असते.

दिल्लीत भाषिक समाजांनी स्वतःच्या शाळा उभारल्या, त्यामागे हीच गरज होती. दिल्ली तमिळ शिक्षण संस्थेचे मूळ 1923पर्यंत मागे जाते, रायसीना बंगाली शाळा 1925ची आहे, तर पहाडगंजमध्ये नूतन मराठी शाळा आहे. मात्र आज बहुसंख्य मुले मिश्र शाळांत जातात. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 12नुसार खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान 25 टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्या लागतात (अल्पसंख्याक शाळा यातून वगळलेल्या आहेत), त्यामुळे भाषेच्या भेदात डब्याचा, कपड्यांचा आणि सुटीतल्या सहलींच्या गप्पांचा भेदही मिसळतो. कायद्याने जागा मिळते. मधल्या सुटीत डबा उघडताना लाज वाटू नये, याची तजवीज मुख्याध्यापकांनाच करावी लागते. याच कायद्याचे कलम 29 मूल भय आणि चिंतेपासून मुक्त असावे, असे स्पष्ट सांगते.

ईशान्येकडील मुलांचा अनुभव याहून कठोर आहे. अरुणाचल प्रदेशातील एका तरुणाचा जानेवारी 2014मध्ये दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर केंद्राने नेमलेल्या बेझबरुआ समितीने ईशान्य भारताचा इतिहास आणि संस्कृती शिक्षणात आणण्याची शिफारस केली. हा विषय वर्षातून एकदा पारंपरिक पोशाख घालून नाच बसवण्याने भागणारा नाही. अमेरिकी अभ्यासक ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी 1995मध्ये संस्कृतीशी जुळलेल्या अध्यापनाची मांडणी केली, तीही सणांपुरती नव्हती: मुलाने अभ्यासात पुढे जावे, आपली ओळख न गमावता जावे, आणि भोवतालच्या अन्यायाकडे डोळसपणे पाहावे, असा तिचा आग्रह होता.

अशा अध्यापनाची सुरुवात हजेरीपटापासून होऊ शकते. प्रवेशअर्जात आडनावाचा रकाना अनेकदा सक्तीचा असतो, पण अनेक तमिळ घरांत आडनावच नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. मग रकाना भरण्यासाठी वडिलांचे नाव आडनाव बनते आणि मुलाला वर्षभर वडिलांच्या नावाने हाक मारली जाते. पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाला स्वतःचे नाव स्वतः उच्चारायला सांगून, त्याच्या उच्चाराप्रमाणे ते हजेरीपटात देवनागरीत लिहून घ्यायला शिक्षकाला एक तासिका पुरते.