नदीकाठी घर घेताय? आधी पावसात बघून या

हल्ली गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, शिलाई मशीन हे विषय संपले की कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, वांगणीला घर मिळतंय, घेऊ का?" दुसरी म्हणते, "नेरळजवळ गुंठ्यावर प्लॉट विकतायत, दिराने टोकनही दिलंय." विचारणाऱ्या दोन तऱ्हेच्या असतात. काही मुंबई-ठाण्यात भाड्याच्या खोलीत राहून थकलेल्या, आणि काही इथल्याच, ज्यांच्या घरची जमीन विकायला निघाली आहे. दोघींनाही उपयोगी पडेल असं आज बोलायचं ठरवलंय. बोलणं आमच्या पट्ट्याबद्दल असलं, तरी तुमचं गाव कृष्णेकाठी असो की गोदेकाठी, शहर जवळ येऊ लागलं की गोष्टी साधारण अशाच घडतात.

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणारी लोकल अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी अशी थांबत जाते. याच पट्ट्यातून उल्हास नदी वाहते. मुंबईत खोलीच्या डिपॉझिटमध्ये जे पैसे जातात, त्यात थोडी भर घातली की इथे घराची सुरुवातीची रक्कम उभी राहते, म्हणून माणसं इकडे येतात. हिरवे डोंगर, मोकळी हवा, जवळून नदी. उन्हाळ्यात घर बघायला आलेल्या बाईला तर ही नदी फारच आवडते, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारं पाणी उल्हासला येतं आणि मे महिन्यातही तिला धार असते. आजूबाजूचे ओढे आटलेले आणि नदी मात्र शांत वाहतेय, असं चित्र दिसतं.

आम्ही सांगतो, घर बघायला जुलैच्या शेवटच्या आठवड्यात या.

२६ जुलै २००५ सगळ्यांना मुंबईमुळे आठवतो, पण त्या दिवशी बदलापुरातही पाणी शिरलं होतं. २०१९ सालच्या २६ जुलैच्या रात्री उल्हासचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली. गाडीत हजाराहून जास्त प्रवासी होते. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटींनी त्यांना बाहेर काढलं, नौदल आणि हेलिकॉप्टरही आली होती, आणि जवळच्या गावांतली माणसं मदतीला धावली. टीव्हीवर गाडी दिसली. त्याच पाण्यात ज्यांचे गहू-तांदूळ, मुलांची दप्तरं, फ्रिज, गाद्या गेल्या त्या घरांकडे मात्र फार कुणी कॅमेरा नेला नाही. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. म्हणजे वीस वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत असा पूर एकदा नाही, दोन-तीनदा येऊ शकतो, हे धरूनच हिशेब करायला हवा.

पूर कुठपर्यंत येतो हे सरकारने ठरवून दिलेलं असतं. जलसंपदा विभाग नदीला दोन रेषा आखतो. निळी पूररेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, आणि लाल पूररेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी देतात. "पंचवीस वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा आला की पंचवीस वर्षं निवांत असा नाही. तो लागोपाठच्या दोन वर्षीही येऊ शकतो. घर विकणाऱ्याला सरळ विचारायचं, "आमचा सर्व्हे नंबर कुठल्या रेषेच्या आत आहे? नकाशा दाखवा." तो हसण्यावारी नेईल. तुम्ही हसू नका. बांधकामाची परवानगी देणाऱ्या कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा आणि पोच घ्या.

कागदाबरोबर डोळेही वापरायचे. गावातली जुनी वस्ती कुठे आहे ते बघा. जुन्या माणसांनी गावठाण आणि ठाकूरवाड्या उंचवट्यावर वसवल्या, नदीजवळ भातशेती ठेवली. आज जिथे "नदी दिसणारी खोली" म्हणून पाटी लागली आहे तिथे आपल्या सासूच्या वेळी भात होतं का, हे शेतावर काम केलेल्या बाईला विचारा. तिला पाणी कुठे चढतं ते बोटावर मोजून सांगता येतं. आजूबाजूच्या जुन्या घरांच्या भिंतीवर चिखलाची रेघ आहे का, विजेचे मीटर डोक्याच्या वर बसवलेत का, किराणा दुकानदार खालचं फडताळ रिकामं ठेवतो का, हेही बघा. आणि इमारत भराव टाकून उंच केली असेल तर पाणी शेजाऱ्याच्या घरात गेलं असं समजा. उद्या पलीकडे त्याहून उंच भराव पडला की ते तुमच्याकडे येईल.

तरीही घर घ्यायचं ठरलं, तर तळमजला टाळा. आणि विमा वेगळा घ्या. बँक कर्जासोबत जो विमा देते तो बहुतेक वेळा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नव्हे. १ एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे "भारत गृह रक्षा" नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी मिळते. तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं आहे, घराबरोबर घरातलं सामानही त्यात येतं.

आता कागद. आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी एक निळ्या फायलीतला करार होता. पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरीचा शिक्का, दोन्ही बाजूंचे फोटो. अर्धा गुंठा जागा, पैसे पूर्ण दिलेले. कागद इतका छान होता की त्यांनी तो देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. पण नोटरीने मालकी मिळत नाही. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखताने. साठेखत म्हणजे पुढे विक्री करीन असा करार, ती विक्री नव्हे. खरेदीखत झालं की सूची क्रमांक दोन मिळते, ती घरी आणल्याशिवाय पेढे वाटू नका. ताईंचा कागद अजून फायलीतच आहे, आणि विकणारा एजंट फोन उचलत नाही.

सातबारा ऑनलाइन बघता येतो, तालुक्यापर्यंत जायची गरज नाही. पण आपण फक्त मालकाचं नाव बघतो आणि थांबतो. त्याखाली "इतर हक्क" म्हणून रकाना असतो, खरी गोष्ट तिथे असते: सोसायटीचा बोजा, बँकेचं कर्ज, कुळाचं नाव, कोर्टाचा दावा. वर "भोगवटादार वर्ग २" लिहिलं असेल तर सरकारच्या आधीच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि आमच्या भागात ठाकूर, कातकरी कुटुंबांच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्यांच्या जमिनी स्वस्तात फिरवणाऱ्यांपासून लांब राहा; तिथे घर बांधून तुमचंही भलं होणार नाही आणि त्या बाईचं तर नाहीच. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. आणि गुंठा-दोन गुंठे तुकडे पाडून विकायला तुकडेबंदीचा कायदा आड येतो. त्याचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून "सगळे घेतायत" हे उत्तर मानू नका, तहसीलमध्ये विचारा.

गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवतात. तो घरपट्टीचा उतारा आहे. घरपट्टी भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही.

इमारतीतलं घर असेल तर महारेराचा नंबर मागा. पाचशे चौरस मीटरहून मोठी जागा आणि आठपेक्षा जास्त घरं असतील तर नोंदणी लागतेच. त्या कायद्याप्रमाणे नोंदवलेला करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. मापही चटई क्षेत्राचंच धरायचं. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र बघा. आमची एक साधी युक्ती आहे: कर्ज नको असलं तरी एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन त्या इमारतीवर कर्ज देतात का ते विचारायचं. बँक नाही म्हणाली तर का, ते समजून घ्यायचं. बँकेचा वकील तुमच्यासाठी फुकट अभ्यास करून ठेवतो.

पैशाचा हिशेब वहीत मांडा. पंधरा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं धरलं तर हप्ता महिना साडेतेरा हजारांच्या आसपास येतो, आणि एकूण बत्तीस लाखांच्या वर भरले जातात. यात मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, मीटर, सोसायटी धरलेलं नाही. मग प्रवास. बदलापूरहून मुंबईला गाडीत सुमारे दीड तास लागतो, कर्जतहून दोनच्या आसपास. बदलापूरच्या पुढे लोकल कमी आहेत, एक चुकली की पुढचीची वाट बघत बसावं लागतं. पास स्वस्त असतो, त्याचं ओझं नाही. ओझं आहे ते स्टेशनपर्यंतच्या शेअर रिक्षाचं, रोज दोन वेळा, महिन्याला पंचवीस दिवस. आणि ज्या बाया घरकाम किंवा दुकानातली नोकरी करतात त्यांनी मालकिणीला आधी विचारावं की पावसात गाडी बंद पडली तर खाडा कापणार का. घर बघायला रविवारी दुपारी नेतात. तुम्ही सोमवारी सकाळी सातला त्या स्टेशनवर उभ्या राहून बघा, बायकांच्या डब्यात पाय ठेवायला जागा मिळते का. उन्हाळ्यात टँकर येतो का, तेही तिथेच रांगेत उभ्या असलेल्या बायांना विचारा.

घर कुणाच्या नावावर, हा आमच्या सगळ्यात जवळचा विषय. मंगळसूत्र सोडून बाकी सोनं गेलेलं असतं, गटाचं कर्ज बाईच्या नावावर असतं, आणि खरेदीखतावर मात्र एकच नाव, नवऱ्याचं. "नॉमिनी आहेस ना" म्हणतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ती फक्त वारसांसाठी सांभाळणारी. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. अठरा लाखांच्या घरावर अठरा हजार वाचतात. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट आधी होती, ती २०२३मध्ये काढली. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर मात्र ही सूट नाही. आम्हाला विचाराल, तर जिच्या सोन्यावर आणि बचतीवर पहिली रक्कम उभी राहिली तिचं नाव पहिलं. अनेक बँका नवऱ्याला सहकर्जदार म्हणून घेतात, त्यामुळे "तुझ्या नावावर कर्ज बसणार नाही" हे कारण टिकत नाही. गावातल्या घरांसाठी तर २००३पासून ग्रामपंचायतीत दोघांच्या नावाची नोंद करण्याचा शासनाचा आदेश आहे. अर्ज करावा लागतो, एवढंच.

आता गावच्या लेकींसाठी. जमिनीला भाव आला की माहेरचा फोन येतो, "जरा सहीला ये." साडी-चोळी होते, जेवण होतं, आणि समोर हक्कसोडपत्र येतं. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभरात २००५ साली कायदा बदलून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलासारखा हिस्सा दिला. सही करायची की नाही हे तुम्ही ठरवा, भावाशी नातं तुमचं आहे. पण कागद वाचून, किती जमीन, किती पैसे, हे समजून घेऊन. आणि घर घेणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही हेच: सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील आणि त्यांच्या सह्या नसतील, तर उद्या दावा तुमच्या घरावर येईल.

राहायला आलात की रेशनकार्ड आणि मतदार यादीतलं नाव पहिल्या वर्षातच बदला. पूर आला की पंचनामा होतो, आणि तेव्हा तिथे राहत असल्याचा पुरावा मागतात. ज्यांचं कार्ड अजून जुन्या पत्त्यावर असतं त्यांचं नाव यादीत घालायला फार खेटे घालावे लागतात.

नव्या इमारतींतल्या बाया ग्रामसभेला येत नाहीत, असं आमचं निरीक्षण आहे. त्यांना वाटतं आपण सोसायटीवाले, गावचं आपल्याला काय. गावातल्या बायांना वाटतं हे पाहुणे. पण नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, स्टेशनच्या वाटेवरचे दिवे, नाल्यावर कुणी टाकलेला भराव, हे सगळं ग्रामपंचायतीतच ठरतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. आमच्याकडे मागच्या वेळी सोसायटीतल्या चौघी आल्या, आणि नाल्यातला भराव काढण्याचा ठराव जुन्या-नव्या दोघींनी मिळून मांडला. ठराव झाला आहे, भराव अजून तिथेच आहे, आम्ही पाठपुरावा करतोय.

कुणाकडे करार, सातबारा किंवा बिल्डरचा कागद असेल आणि वाचून घ्यायचा असेल, तर सही करण्याआधी गटाच्या बैठकीला झेरॉक्स घेऊन या. मूळ कागद घरीच ठेवा.