छोटा ट्रॅक्टर बांधणीत तापतो कशाने?



सुरू उसाची मोठी बांधणी ऐन मे-जूनच्या उन्हात येते. साडेचार-पाच फुटी सरीत छोटा ट्रॅक्टर आता सर्रास चालतो, आणि गटात फिरताना आम्हांला जागोजाग एकच तक्रार ऐकू येते : "साहेब, दोन तास चालला की काटा लालवर जातोय." मग मिस्त्री येतो, वॉटर पंप बदलतो, थर्मोस्टॅट काढून टाकतो. बिल होते, बांधणी लांबते, आणि ट्रॅक्टर पुन्हा तापतो तो तापतोच. आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा दोष इंजिनाच्या पोटात नसतो, तोंडावर असतो.

फॅन पुढची हवा रेडिएटरमधून आत ओढतो. उसाच्या सरीत वारा कोंडलेला, ट्रॅक्टरचा वेग कमी आणि दोन्ही अंगांना पाला. हवेबरोबर पाचटाचे तुकडे, माती, पानांवरची बारीक कूस सगळे ओढले जाते. पुढच्या जाळीवरचा पाला दिसतो म्हणून आपण हाताने झटकतो. खरी घाण मागे, रेडिएटरच्या पातळ पत्र्यांत बसते. तेलाचा ओघळ असेल तर धुळीचा लेपच होतो. साफ करताना हवा फॅनच्या बाजूने पुढे मारावी. पुढून मारली तर कचरा आणखी आत ठासतो. पाणी मारायचे तर हलके मारा; धुलाईच्या जोरदार फवाऱ्याने पत्रे आडवे होतात आणि हवेची वाटच बंद होते. बांधणीच्या दिवसांत हे काम रोज सकाळी, इंजिन बंद व थंड असताना करावे. दहा मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. ज्या विहिरीच्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तेच पाणी आपण रेडिएटरमध्ये ओततो. तो थर आतही बसतो आणि उष्णता अडवतो. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणातच घाला. कुलंट थंड मुलखासाठी असते, हा गैरसमज आहे. ते गंज रोखते व उकळबिंदूही वाढवते.

झाकणाकडे तर कोणी पाहतच नाही. ते आत दाब धरून ठेवते. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की पाणी सुमारे दीड अंश उशिरा उकळते. झाकणाचे रबर फाटले की हा फायदा गेला. मात्र तापलेल्या इंजिनाचे झाकण कदापि उघडू नका. उकळते पाणी तोंडावर येते आणि माणूस भाजतो. काटा चढला तर औजार उचला, ट्रॅक्टर मोकळ्या हवेत आणा, दोन-चार मिनिटे हळू चालू ठेवून मग बंद करा. पाणी सांडून गेले असेल तर मात्र लगेच बंद. तापल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतली तर हेडला तडा जाऊ शकतो.

फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहा. साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर तो घसरतो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवा, काढून टाकू नका. थंड इंजिन डिझेल जास्त खाते.

एवढे करूनही तापत असेल तर भार पाहा. वरचा गिअर, खोल लावलेले औजार आणि काळा धूर एकत्र दिसले की इंजिनावर ताकदीबाहेर ओझे आहे. गिअर एक खाली घ्या, औजार थोडे उचला.

मिस्त्रीची खरी गरज पुढच्या खुणांना आहे. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून चालू केल्यावर रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, किंवा इंजिन ऑइल दुधी होणे. हेड गॅस्केट गेल्याची ही लक्षणे. ऑइल दुधी दिसले की ट्रॅक्टर एक सरीसुद्धा पुढे नेऊ नये, नाहीतर बेअरिंगे जातात आणि काम गॅस्केटवरून पूर्ण इंजिनावर येते.