स्वस्तातला लाँग रेंज स्कोप कसा निवडायचा? आधी क्लिक बघा, मग झूम

बीजीएमआयमध्ये ८एक्स हाती लागला की अर्धं काम झालं असं वाटतं. खऱ्या रायफल स्कोपच्या जाहिराती याच समजुतीवर चालतात. अमेरिकेत लांब पल्ल्याची नेमबाजी हा मोठा छंद आहे. तिथे दीडशे डॉलरच्या स्कोपवरही '६-२४×५०' लिहिलेलं असतं आणि दोन हजार डॉलरच्या स्कोपवरही. मग फरक कशात आहे?

आकडे काय सांगतात?

६-२४ म्हणजे झूम ६ पटींपासून २४ पटींपर्यंत. ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. व्यासाला झूमने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी कळते. १०एक्सला ती ५ मिमी, २४एक्सला जेमतेम २ मिमी. म्हणजे झूम वाढवला की चित्र अंधारतं, दिसणारा भाग आकसतो आणि हाताची थरथर, तापलेल्या हवेच्या लहरी हे सगळंही मोठं होऊन दिसतं. फोनच्या बॉक्सवरचा '१००एक्स' प्रत्यक्षात किती वेळा वापरता? इथेही तसंच आहे.

अमेरिकी मरीन कोअरच्या एम४०ए१ या स्नायपर रायफलवर वर्षानुवर्षं एकच ठरलेला १०एक्स झूम असलेला स्कोप होता. लांबच्या नेमासाठी तेवढा पुरत होता.

खरा खेळ क्लिकचा

गोळी सरळ रेषेत जात नाही, सतत खाली पडत जाते. .३०८ विंचेस्टर ही प्रचलित काडतूस घ्या. रायफल १०० यार्डांवर झीरो केली, तर १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, साधारण ११ मिलची दुरुस्ती लागते. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटीमीटर, १००० मीटरवर १ मीटर. थोडक्यात, गोळी जवळपास १० मीटर खाली जाते!

ही दुरुस्ती स्कोपच्या वरच्या नॉबने, म्हणजे टरेटने करतात. एक क्लिक बहुतेक वेळा ०.१ मिलचा असतो, म्हणून ११ मिलसाठी ११० क्लिक. आता समजा स्वस्त स्कोपचा टरेट ३ टक्के कमी सरकतो. ११० क्लिकमागे ०.३३ मिलची चूक झाली, म्हणजे ९१४ मीटरवर ३० सेंटीमीटर. चित्र कितीही झकास दिसू दे, नेम चुकलाच.

बजेटमध्ये काय बघायचं?

• टरेट आणि रेटिकल एकाच मापाचे हवेत. रेटिकल म्हणजे आत दिसणारी खुणांची फुली. काही स्वस्त स्कोपमध्ये रेटिकल मिलमध्ये आणि क्लिक एमओएमध्ये असतात. मग प्रत्येक वेळी गणित करत बसा. मिल की एमओए हा वाद सोडा, दोन्ही सारखे असले की झालं.

• फर्स्ट फोकल प्लेन असेल तर चांगलं. यात झूमबरोबर रेटिकलही लहानमोठं होतं, त्यामुळे खुणांचं माप कुठल्याही झूमला खरं राहतं. सेकंड फोकल प्लेनमध्ये ते एका ठरावीक झूमलाच बरोबर असतं.

• टरेट एकूण किती सरकतो ते वाचा. एकूण १९ मिल असेल, तर मधल्या स्थितीपासून वर साडेनऊच मिळतात. ११ मिलला ते अपुरे आहेत. त्यासाठी २० एमओए उतार दिलेला बेस लावतात, त्यामुळे वरच्या बाजूला आणखी जवळपास ६ मिल मिळतात.

• बाजूला पॅरलॅक्सचा नॉब हवा. तो नसेल तर डोळा जरा हलला की फुलीही लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसते.

• सगळे पैसे स्कोपवर उडवू नका. तकलादू रिंगांवर बसवलेला महागडा स्कोपही हलतो.

एकही गोळी न झाडता चाचणी

रिकामी रायफल घट्ट आवळून बसवा. टेपने मोजून १०० मीटरवर एक मीटरची पट्टी ओळंब्याने उभी लावा. फुली पट्टीच्या वरच्या टोकावर ठेवा आणि टरेट १० मिल 'वर' फिरवा. फुली बरोबर खालच्या टोकावर यायला हवी. उलट फिरवल्यावर पुन्हा वरच्या टोकावर. हे चार-पाच वेळा करा. चूक दरवेळी सारखीच असेल तर ती हिशोबात धरून काम भागतं. दरवेळी वेगळी आली, तर स्कोप सरळ परत करा. म्हणूनच वॉरंटी आणि रिटर्नच्या अटी खरेदीआधी वाचायच्या.

आपल्याकडे काय?

भारतात बंदुकीसाठी शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागतो. आणि कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, ते दुर्बिणीशिवाय! त्या प्रकारात रायफलवर स्कोप चालत नाही. बारीक छिद्राच्या साइटमधून नेम धरावा लागतो.

तर दोन स्कोपमध्ये गोंधळ झाला, एकात झूम जास्त आणि दुसऱ्यात क्लिक पक्के, तर दुसरा घ्या. कमी झूमची सवय होते, खोट्या क्लिकची होत नाही.