पायरीवरची सक्तमजुरी

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला, मुंबईच्या मॅरेथॉनमधील पेडर रोडच्या चढाने ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांची घेऊन झाली, वृत्तपत्रांनी विजेत्यांची छायाचित्रे यथास्थित छापली, आणि आता ज्याचे छायाचित्र कोणी घेत नाही असा दुसराच समुदाय मुंबईतील अस्थिरोगतज्ज्ञांच्या व भौतिकोपचारतज्ज्ञांच्या दाराशी रुजू होऊ लागला आहे. कोणाचा गुडघा, कोणाची नडगी, कोणाचा तळपाय; प्रत्येकाची फिर्याद निराळी, आणि सर्वांची दखल एका लेखात घेणे अशक्य. म्हणून प्रस्तुत चौकशी पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी बांधून ठेवणाऱ्या जाड कंडरेपुरती, डॉक्टर मंडळी जिला अकिलिस टेंडन म्हणतात तिच्यापुरती, मर्यादित ठेवली आहे.

ह्या दुखण्याचा स्वभाव मोठा मायावी. सकाळी बिछान्यातून उतरल्यावर पहिली चार पावले आखडून पडतात. पुढे धावायला लागावे, अंग तापावे, तो दुखणे जणू कधी नव्हतेच. आणि धावणारा ‘बरे झाले’ अशा समजुतीने आणखी तीन किलोमीटर जोडतो, त्याची शिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी भोगतो. मग घरातील वडीलधारी मंडळी पाय वर घेऊन बसायला सांगतात, शेजारी बर्फ आणून देतात. बर्फ, विश्रांती, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे ह्या चतुःसूत्रीला १९७८ साली आद्याक्षरांचे सुटसुटीत नाव देणारे अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन ह्यांनीच २०१४ च्या सुमारास बर्फाची व संपूर्ण विश्रांतीची शिफारस मागे घेतली, ही वार्ता मात्र आमच्या सोसायट्यांपर्यंत अद्याप पोहोचलेली दिसत नाही. कंडरेच्या बाबतीत तर निव्वळ विश्रांतीने दुखणे थांबते आणि कंडरा अधिकच दुबळी होते. रजा संपवून धावायला निघालेला माणूस पहिल्याच आठवड्यात पूर्वपदावर येतो, म्हणजे लंगडू लागतो.

ह्या विषयातील खरे नाट्य स्वीडनच्या उत्तरेस, ऊमेओ नगरात घडले. हॉकन अल्फ्रेडसन हे अस्थिशल्यविशारद, स्वतः धावणारे, आणि ह्याच कंडरेच्या जुन्या दुखण्याने गांजलेले. आपल्यावर शस्त्रक्रिया व्हावी अशी विनंती त्यांनी वरिष्ठांस केली, ती वरिष्ठांनी अमान्य केली, कारण शस्त्रक्रिया म्हणजे दीर्घ रजा आणि तेवढी रजा विभागाला परवडणारी नव्हती. त्यावर ह्या गृहस्थांनी जी तजवीज योजली तिच्याइतकी विक्षिप्त तजवीज वैद्यकाच्या इतिहासात विरळाच सापडेल: कंडरा इतकी राबवावी की ती तुटलीच पाहिजे, म्हणजे वरिष्ठांना सुरी हाती घेण्यावाचून गत्यंतर उरणार नाही! दुखऱ्या पायावर भार घालून टाच खाली सोडण्याचा त्यांनी सपाटा लावला. पण कंडरा तुटेना, आणि आठवड्यांमागून आठवडे गेले तसे दुखणेच नाहीसे झाले. ही हकिकत ते स्वतःच सांगत आले आहेत. सांगता सांगता तिला थोडी झिलई चढली असेल असे गृहीत धरले, तरी १९९८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रबंध झिलईत मोडत नाही. दीर्घकाळ दुखणे सोसलेल्या १५ हौशी खेळाडूंकडून त्यांनी १२ आठवडे हाच व्यायाम करवून घेतला आणि ते पंधराही जण पूर्वीसारखे धावू लागले. संख्या लहान होती, तुलनेचा गटही चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता, हे आक्षेप रास्तच आहेत. तथापि सुरीखाली जाऊ पाहणाऱ्या माणसाला पायरीवर उभे करण्याचे धैर्य वैद्यकाला त्या प्रबंधाने दिले.

व्यायाम सांगायला सोपा आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावे, दोन्ही पायांनी टाचा उचलाव्यात, सारा भार दुखऱ्या पायावर घ्यावा आणि टाच सावकाश पायरीच्या खालपर्यंत सोडावी. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असे तीन फेरे, गुडघा किंचित वाकवून आणखी तीन, आणि हे सकाळ-संध्याकाळ. म्हणजे दिवसाकाठी १८० वेळा, रविवारची सुटी नाही, मुदत बारा आठवडे. दुखणे उणावले की पाठीवर पिशवी घेऊन तीत वजन घालायचे. ह्या शिक्षेला सक्तमजुरी म्हणण्यात अतिशयोक्ती कोणती, हे ती भोगलेल्याने सांगावे.

भार घातल्याने कंडरा बरी का व्हावी, ह्याचे उत्तर मोठे मनोवेधक आणि अजून अर्धवट आहे. जुनाट दुखण्यात नेहमीच्या अर्थाची सूज फारशी नसते. विस्कटलेली असते ती तंतूंची रचना, म्हणून सुजेवरच्या गोळ्यांनी मुळाशी फारसे काही घडत नाही. कंडरेतील पेशींना ताण जाणवतो आणि त्या नवे तंतुद्रव्य घडवू लागतात. परंतु व्यायामानंतर पहिला दीड दिवस झीज अधिक होते आणि भर पडते ती त्यानंतर. असे असेल तर दररोजची मजुरी कशाला, अशी शंका साहजिकच येते, आणि २०१५ साली डेन्मार्कमधील एका अभ्यासात आठवड्यातून तीनदाच, पण जड वजनाने व संथपणे केलेल्या व्यायामाने तितकाच गुण आला. त्याहून विस्मयकारक गोष्ट त्याच देशाची. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा मागोवा कंडरेत घेऊन २०१३ साली संशोधकांनी दाखविले की तिचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सुमारे सतरा वर्षांत घडतो आणि पुढे जवळजवळ तसाच राहतो. पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ पेडर रोड चढतो तो आपल्या शाळकरी वयातल्या दोरीवर! त्यामुळे बरे झालेल्या पुष्कळांच्या चित्रणात कंडरा पूर्वीइतकीच बिघडलेली दिसते, आणि अहवाल हाती धरून घाबरणाऱ्यांची समजूत घालणे हाही उपचाराचाच एक भाग होऊन बसतो.

आता यंत्रांविषयी दोन शब्द, थोडे कडू. पुष्कळ दवाखान्यांत रुग्णाला पालथे निजवून ध्वनिलहरींचे यंत्र टाचेवर फिरवितात, दहा दिवसांचा संच विकतात, आणि रुग्णही खूश असतो, कारण त्याला स्वतः काही करावे लागत नाही. ह्या यंत्राच्या निरनिराळ्या दुखण्यांवरील चाचण्यांचा २००१ साली आढावा घेतला गेला, तेव्हा कसोटीस उतरणाऱ्या दहा चाचण्यांपैकी आठांत ते लटक्या उपचाराहून सरस ठरले नव्हते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झाले, मॅरेथॉनच्याच मार्गावर हाजी अलीपाशी पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून उभी आहे. इतकी परंपरा असलेल्या शास्त्राची ओळख लोकांना यंत्राच्या शेकावरून व्हावी, ही खेदाची गोष्ट होय. त्या शास्त्राच्या पदवीधरांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावावे की नाही ह्यावर २०२५ च्या सप्टेंबरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाचे मनाई-फर्मान निघाले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले गेले; त्या वादाची जितकी चर्चा झाली त्याच्या दशांशाने जरी पायरीची झाली असती तरी पुष्कळ टाचा सुखी झाल्या असत्या.

पुन्हा धावण्याची मुभा केव्हा मिळावी? स्वीडनमधीलच २००७ च्या एका अभ्यासाने येथे उदार धोरण स्वीकारले: शून्य ते दहा अशा मापावर दुखणे पाचच्या वर जाऊ नये, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरावे, आणि आठवड्यागणिक वाढू नये, एवढी पथ्ये पाळून धावत राहिलेल्यांचे, धावणे तहकूब ठेवलेल्यांच्या तुलनेत, काही बिघडले नाही. दुखणे म्हणजे इजा हे समीकरण ज्यांच्या मनात पक्के बसले आहे त्यांना हे पटवणे कठीण, आणि चांगल्या भौतिकोपचारतज्ज्ञाचा निम्मा वेळ त्यातच खर्ची पडतो.

ह्या साऱ्या विवेचनाची हद्दही सांगितली पाहिजे. दुखणे कंडरेच्या मधल्या भागात नसून थेट टाचेच्या हाडाशी असेल, तर टाच पायरीच्या खाली सोडू नये, जमिनीवरच व्यायाम करावा. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची प्रतिजैविके घेतली असतील तर ते तज्ज्ञाला आधी सांगावे, कारण त्यांनी कंडरा तुटण्याचा धोका वाढतो आणि अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी २००८ सालीच त्यांच्यावर कडक इशारा छापायला लावला आहे. आणि धावताना मागून कोणी टाचेवर काठी मारल्यासारखे वाटले, वळून पाहिले तर मागे कोणीच नाही, आणि चवड्यावर उभे राहता येईना, तर जिन्याकडे न जाता त्याच दिवशी शल्यविशारदाकडे जावे.