माकडाचा पंजा आणि गुप्तधनाचा हंडा

औताच्या फाळाला हंडा लागल्याच्या, पडक्या वाड्यात धन पुरल्याच्या गोष्टी तुम्ही ऐकल्याच असतील. शिरड शहापूर असो की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव, पारावर या गोष्टींना तोटा नाही. आज मात्र एक परमुलखातली गोष्ट ऐका.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स या इंग्रज लेखकाने १९०२ साली 'माकडाचा पंजा' ही भयकथा लिहिली. हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला एक शिपाईगडी वाळलेला पंजा घेऊन एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी येतो. माणसाचे आयुष्य नशीब चालवते, त्यात ढवळाढवळ करणारा पस्तावतो, हे दाखवायला एका फकिराने तो पंजा मंतरलेला असतो. त्याच्याकडे तीन इच्छा मागता येतात. शिपाईगडी तो विस्तवात फेकतो, पण घरधनी झटकन बाहेर काढतो. घराचे देणे फेडायला तो दोनशे पौंड मागतो. दुसऱ्याच दिवशी एकुलता एक मुलगा कारखान्याच्या यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई म्हणून हाती पडतात नेमके दोनशे पौंड! आई वेडीपिशी होऊन मुलगा परत मागायला लावते. रात्री दारावर थाप पडते. यंत्राने चिरडलेला, पुरून दिवस झालेला तो मुलगा कसा दिसत असेल, या धास्तीने बाप तिसरी इच्छा मागतो. दार उघडते तेव्हा रस्ता मोकळा असतो.

ही झाली कल्पना. खरी घटना आपल्या शेजारची आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण सारे परभणीकर होतो. त्याच परभणी जिल्ह्यातल्या मानवतला नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात एकामागून एक खून पडले. बळी गेल्या त्यांत बहुतेक कोवळ्या मुली आणि बायाबापड्या होत्या. ते दिवस १९७२ च्या दुष्काळाचे होते. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, गुप्तधन सापडावे आणि मूल व्हावे, या दोन इच्छांपायी हे बळी दिले गेले. रमाकांत कुलकर्णी या नामवंत पोलीस अधिकाऱ्याने तपास लावला. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काही आरोपी सुटले, काही फासावर गेले. धनाचा हंडा मात्र निघाला नाही.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पंजाच्या गोष्टीत मोल घरच्याच लेकराने चुकवले. मानवतला ते दुसऱ्याच्या लेकींकडून वसूल झाले. धन हवे, मूल हवे, ही इच्छा कोणाला नसते? इच्छा वाईट नव्हे. पण तिचे मोल कोण मोजणार, हे न विचारता 'एवढे केले की काम फत्ते' म्हणणाऱ्याच्या नादी लागणे वाईट. असा मांत्रिक आधी नारळ-लिंबू मागतो, मग कोंबडे, मग दागिने. पुढची मागणी काय असेल, याची वाट पाहू नका.

महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी व जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. अघोरी उपायाने गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला बिचकू नका. खरेच जमिनीत जुने धन सापडले, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आणि मूल होत नसेल, तर नवराबायको दोघांनीही डॉक्टरकडे तपासून घ्यावे. दोष एकट्या सुनेच्या माथी मारू नये.

पाऊस आपल्या हाती नाही, बाजारभावही नाही. म्हणूनच कोणी हमखास यशाचा गंडा दाखवला की मन ढळते. अशा वेळी घरातल्या चार माणसांत बसून मोकळेपणाने बोला. पंजा विस्तवात पडला असेल, तर तो पडू द्यावा. हात घालून बाहेर काढू नये.