अवरोधजन्य कामला : शस्त्रकर्मापूर्वीचे व नंतरचे रक्तपरीक्षण

कोशाच्या विणकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या आंधळगावातील रुग्ण पित्तनलिकेच्या शस्त्रकर्मासाठी नागपूरला जातो. परतल्यावर मात्र अहवालांची फाईल घेऊन तो आपल्याकडेच येतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टरसाहेब, आपरेशन तं झालं, मंग डोळे काऊन पिवळे?" याचे उत्तर रक्तपरीक्षणात आहे.

चरकाचार्यांनी पांडुरोगचिकित्सेत वर्णिलेल्या शाखाश्रित कामलेशी अवरोधजन्य काविळीचे लक्षणसाम्य आहे. रुद्ध झालेला पित्तमार्ग आणि तिळकुटासारखा पांढुरका मल दोन्हीकडे आढळतो. तथापि नलिकेत अडकलेला खडा अथवा अर्बुद औषधाने दूर होईल, अशी आशा आम्ही रुग्णास दाखवीत नाही.

शस्त्रकर्मापूर्वी डायरेक्ट बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज व जीजीटी वाढलेले असतात. एसजीओटी व एसजीपीटी तुलनेने बेताचे. खडा अचानक अडकल्यास मात्र हे दोन्ही एक-दोन दिवस पुष्कळ चढतात व यकृतशोथाचा भ्रम होतो. शल्यचिकित्सकाचे विशेष लक्ष प्रोथ्रॉम्बिन टाइमवर असते. पित्त आतड्यात न पोहोचल्याने 'के' जीवनसत्त्व शोषले जात नाही व रक्त गोठण्यास विलंब लागतो. 'के'च्या इंजेक्शनने हा काळ सुधारला, तर यकृतपेशींचे कार्य बरेचसे शाबूत आहे असे समजावे.

मार्ग मोकळा झाल्यावर एसजीपीटी काही दिवसांतच उतरते. अल्कलाइन फॉस्फेटेजला काही आठवडे लागतात. बिलिरुबिन आरंभी झपाट्याने व पुढे रेंगाळत उतरते. कारण त्याचा काही अंश अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेला असतो व अल्ब्युमिनचे अर्धायुष्य सुमारे 3 आठवडे आहे. हा अंश मूत्रावाटे जात नाही. म्हणूनच लघवी स्वच्छ होते, डोळे पिवळेच राहतात. अशा वेळी एकच अहवाल न पाहता, शक्यतो एकाच प्रयोगशाळेतील अहवाल तारखेनुसार मांडावेत. आकडे उतरत असतील तर धीर द्यावा, औषधांची भर घालू नये.

उतरलेले बिलिरुबिन पुन्हा चढले, लघवी गडद झाली, थंडी वाजून ताप आला, तर राहून गेलेला खडा, नलिकासंकोच किंवा बंद पडलेला स्टेंट यांचा संशय घ्यावा व त्याच दिवशी रुग्णास परत पाठवावे. येथे कुटकी वा आरोग्यवर्धिनीवर आठवडा घालविणे प्राणावर बेतू शकते. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण 3 महिन्यांनी काढावा वा बदलावा लागतो. कित्येक रुग्णांस तो आत आहे हेच ठाऊक नसते. डिस्चार्ज कार्ड स्वतः वाचावे.

औषधविक्रेत्यांसही एक विनंती. मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी 2021 साली गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या 6 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद राहो, पण अशा रुग्णाने काढा वा चूर्ण परस्पर नेले आणि एसजीपीटी चढले, तर कारण शोधणे कठीण होते. काय दिले व कधी दिले, हे त्याच्या फाईलवरच लिहून द्यावे.