शिक्षिकेने टोपणनावाने पुस्तक लिहिलं आणि अख्ख्या महाराष्ट्रात खळबळ उडाली

1933 साल. 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह बाजारात आला. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. पुस्तकावरून वाद पेटला आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडला, ही बाई आहे तरी कोण?

ही बाई होती पुण्यातली एक शिक्षिका, बाळूताई खरे.

बाळूताईंचा जन्म 1905 चा, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या शिरूरचा. टोपणनावातलं 'शिरूरकर' आलं ते इथूनच. वडील सुधारक विचारांचे. मुलींची लग्नं लहानपणीच उरकायच्या त्या काळात त्यांनी आपल्या लेकींना महर्षी कर्वेंच्या हिंगण्याच्या शाळेत शिकायला ठेवलं.

कर्वेंनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं, आजचं एसएनडीटी. तिथे शिक्षण मातृभाषेतून मिळायचं आणि पदवीचं नाव होतं 'गृहीतागमा', म्हणजेच जी.ए. बाळूताई तिथेच पदवीधर झाल्या आणि कर्वेंच्या संस्थेच्या कन्याशाळेत शिकवू लागल्या.

आता खरा मुद्दा.

मुली शिकल्या, पगार घरी आणू लागल्या. पण काही घरांना त्या पगाराची इतकी सवय झाली, की लेकीच्या लग्नाचा विषयच मागे पडला. जिथे निघाला तिथे हुंडा आडवा आला. शिकलेल्या मुलीलाही प्रेम, संसार, शरीर या गोष्टींची ओढ असते, हे मात्र कुणी बोलत नव्हतं. बाळूताईंनी ते लिहिलं. आणि एका बाईने हे लिहावं, हेच अनेकांना झोंबलं.

पुढे त्यांनी शाळेची नोकरी सोडली आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काम केलं. इंग्रजांनी काही जमातींवर 'गुन्हेगार' असा शिक्का मारला होता, त्यांना तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं जायचं. तिथे जे पाहिलं, त्यातून 1950 मध्ये 'बळी' ही कादंबरी आली. ज्या कायद्याने हा शिक्का बसला होता, तो 1952 मध्ये रद्द झाला.

दरम्यान 1938 मध्ये त्यांनी लेखक विश्राम बेडेकरांशी लग्न केलं. मालतीबाई बेडेकर म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्या याच.

आज शिरूर असो की भवानीनगर, घरातली मुलगी कमावते याचं कुणाला नवल वाटत नाही. पण तिच्या पगारावर आणि आयुष्यावर हक्क कुणाचा? बाळूताईंनी नव्वद वर्षांपूर्वी विचारलेला हा प्रश्न बऱ्याच घरांत अजून तसाच आहे.